दातांत काही अडकत नसेल, तरी फ्लॉस कशाला?

प्रश्न थोडक्यात असा आहे: दिवसातून दोनदा नीट ब्रश करते, दातांत कधी काही अडकत नाही. डेंटिस्टनी रोज फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा बारीक दोरा, करायला सांगितलं म्हणून चार दिवस केला, तर हिरड्यांतून रक्त यायला लागलं. घाबरून बंद केला. त्यात फ्लॉसचा फायदा शास्त्रानं सिद्धच झालेला नाही, असंही वाचनात आलं. मग रोज करायची खरंच गरज आहे, की माउथवॉशवर भागेल?

गरज आहे, आणि माउथवॉशवर भागणार नाही. पण तुमच्या तिन्ही शंका रास्त आहेत. 'करा म्हणजे करा' असं म्हणून त्या उडवून लावण्यात अर्थ नाही.

आधी 'अडकत नाही' हे घेऊ, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. अडकलेला कण निघणं हा फ्लॉसचा वरकड फायदा आहे. त्याचं खरं काम म्हणजे दाताच्या बाजूच्या भिंतीवर बसलेला जिवाणूंचा चिकट थर, म्हणजे प्लाक, पुसून काढणं. कण अडकला तर जीभ पाच मिनिटं स्वस्थ बसू देत नाही. प्लाकचं तसं नसतं. तो टोचत नाही, दुखत नाही, दाताच्याच रंगाचा असल्यामुळे आरशात दिसतही नाही. त्यामुळे 'मला काही जाणवत नाही' हा इथे निकषच होऊ शकत नाही.

दाढेला पाच बाजू असतात: गालाकडची, जिभेकडची, चावायची आणि शेजारच्या दातांना टेकलेल्या दोन. पहिल्या तीन ब्रशच्या. उरलेल्या दोन बाजूंपर्यंत ब्रशचे केस पोचत नाहीत, मग ब्रश साधा असो की इलेक्ट्रिक. म्हणजे दोनदा मन लावून घासणाऱ्या माणसाच्याही दातांचा बराच भाग रोज तसाच राहतो, आणि तो नेमका सगळ्यात अडचणीचा भाग असतो.

अडचणीचा का, ते सांगतो. दोन दातांमध्ये हिरडीचं जे त्रिकोणी टोक दिसतं, ते फक्त बाहेरून टोक असतं. आत, दोन दाढा जिथे एकमेकींना टेकतात त्याच्या बरोबर खाली, हिरडी खोगिरासारखी मध्ये दबलेली असते: एक उंचवटा गालाकडे, दुसरा जिभेकडे आणि मध्ये खळगा. बाकीच्या हिरडीवरचा थर राठ असतो, चावण्याची घासाघीस सहन करणारा. या खळग्यावरचा थर मात्र पातळ आणि नाजूक असतो. ब्रश तिथे जात नाही, लाळेनं फारसं धुतलं जात नाही, जीभ फिरत नाही. हिरड्यांचा आजार बहुतेकांमध्ये दातांच्या मधल्या जागेतूनच सुरू होतो, त्यामागचं कारण हेच.

प्लाक बसायला फार वेळ लागत नाही. दात अगदी लख्ख केला तरी काही मिनिटांत लाळेतल्या प्रथिनांचा अतिशय पातळ पापुद्रा त्यावर धरतो आणि काही तासांत जिवाणू त्याला चिकटू लागतात. सुरुवातीचे जिवाणू तसे निरुपद्रवी असतात. थर जाड होत गेला की त्याच्या तळाशी ऑक्सिजन पोचत नाही, मग बिनऑक्सिजनच्या जागी वाढणाऱ्या जाती तिथे मुक्काम ठोकतात. हिरड्यांना छळणारे ते हेच. पुढे लाळेतली कॅल्शियम-फॉस्फेटची खनिजं थरात उतरतात आणि त्याचं कीटण होतं. कीटण एकदा धरलं की ब्रश आणि फ्लॉस दोन्ही हात टेकतात, मग डेंटिस्टकडून ते खरवडून काढावं लागतं, म्हणजे स्केलिंगच करावं लागतं. म्हणजे थर मऊ आहे तोवरच घरच्या घरी त्याचा निकाल लावता येतो.

रोजच का, याचं उत्तरही यातच आहे. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असं दिसलं होतं, की दर ४८ तासांनी प्लाक पूर्ण निघत असेल तर हिरड्या निरोगी राहू शकतात. हे वाचून काही जण खूश होतात: म्हणजे एक दिवसाआड चालेल! कागदावर चालेल. पण त्यात 'पूर्ण' या शब्दाला वजन आहे. आपल्या हातून एका वेळी सगळ्या फटी पूर्ण साफ होत नाहीत. आज डावीकडची शेवटची दाढ राहते, उद्या दुसरीच एखादी. रोज केलं की राहिलेलं दुसऱ्या दिवशी निघतं. शिवाय एक दिवसाआडची सवय आठवड्यावर जायला वेळ लागत नाही.

आता रक्ताचं. चार दिवसांत रक्त आलं म्हणून थांबलात, हे अगदी स्वाभाविक आहे. शरीरातून कुठूनही रक्त आलं की हात मागे घ्यावासाच वाटतो. पण इथे गणित उलटं आहे. निरोगी हिरडीतून नीट केलेल्या फ्लॉसनं रक्त येत नाही. रक्त येतं म्हणजे ती हिरडी आधीपासून सुजलेली आहे, तिथल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या फुगल्या आहेत आणि दाताला लागून असलेलं आतलं अस्तर पातळ झालं आहे. फ्लॉसनं सूज आणली नाही, होती ती उघडी पाडली.

याचा सुंदर पुरावा १९६५ सालापासून आपल्याकडे आहे. डेन्मार्कमधल्या आरहूस इथे हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्या असलेल्या १२ जणांना दात स्वच्छ करणं पूर्ण बंद करायला सांगितलं. त्यात बहुतेक दंतवैद्यकाचेच विद्यार्थी होते. १० ते २१ दिवसांत एकूण एक जणाच्या हिरड्यांना सूज आली. मग पुन्हा सफाई सुरू केली, आणि साधारण आठवड्याभरात सूज उतरली. औषध नाही, गोळी नाही. थर साठला की सूज, थर हटला की सूज गायब, इतका सरळ संबंध वैद्यकात क्वचित पाहायला मिळतो.

तेव्हा पुन्हा सुरू करा. हलक्या हातानं, पण रोज. पहिले काही दिवस रक्त दिसेल, मग कमी होत जाईल आणि एक ते दोन आठवड्यांत बहुतेक फटींतून थांबेल. थांबलं नाही, तर मात्र दाखवायला हवं: आत कीटण असेल, एखाद्या फिलिंगची कड बाहेर आली असेल किंवा आजार हिरडीच्या खाली उतरला असेल. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर रक्त जरा जास्त येऊ शकतं, तेव्हा डेंटिस्टच्या कानावर घाला, पण स्वतःहून औषध बंद करू नका. गरोदरपणात संप्रेरकांमुळे हिरड्या तेवढ्याच प्लाकला जास्त चिडतात, त्या काळात तर सफाई सोडूच नये. आणि सिगारेट ओढणाऱ्यांनी 'माझ्या हिरड्यांतून रक्त येत नाही' या समाधानात राहू नये. तंबाखूच्या धुरामुळे ही खूण दबते आणि आजार आत वाढत राहतो.

सूज हिरडीपुरती आहे तोवर ती पूर्ण बरी होते. दुर्लक्ष झालं तर काहींमध्ये ती खाली उतरते आणि दाताला धरून ठेवणारे तंतू व हाड झिजू लागतं. ज्याला लोक पायरिया म्हणतात ते हेच. निरोगी दात आणि हिरडी यांच्यामधली खाच १ ते ३ मिलिमीटर खोल असते. आजारात ती ४, ५, ६ अशी वाढत जाते, आणि इतक्या खोल कप्प्यात कुठलाही दोरा पोचत नाही. गेलेलं हाड आपसूक परत येत नाही. दुखणं बहुधा शेवटी शेवटीच सुरू होतं, तोवर दात हलायला लागलेला असतो.

किडीची गोष्ट थोडी वेगळी. दोन दातांमधली कीड बहुतेक वेळा टेकलेल्या बिंदूच्या जराशी खाली सुरू होते. थरातले जिवाणू साखरेपासून आम्ल बनवतात, त्यामुळे पीएच (आम्लता मोजायचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या वरच्या कवचातली खनिजं विरघळू लागतात. बाहेरचं छिद्र बारीक राहतं आणि आतल्या मऊ भागात कीड पसरत जाते. माणूस आरशात बघतो, दाढ वरून ठणठणीत दिसते. मग एके दिवशी काहीतरी साधंच चावताना दाढेचा कोपरा तुटतो आणि 'काल-परवापर्यंत काही नव्हतं हो' असं म्हणत पेशंट खुर्चीत बसतो. होतं, फक्त दिसत नव्हतं. ही कीड लवकर पकडायला बाईटविंग एक्स-रे, म्हणजे दातांमधल्या फटी दाखवणारा एक्स-रे, लागतो.

आता तिसरी शंका, सिद्ध न झाल्याची. तुम्ही जे वाचलंत त्याचं मूळ २०१६ मध्ये आहे. अमेरिकी सरकारच्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांमध्ये आधी फ्लॉसचा उल्लेख असायचा, २०१५ ते २०२० साठीच्या आवृत्तीत तो आला नाही. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं अभ्यास चाळले आणि पुरावा कच्चा असल्याची बातमी दिली. बातमी चुकीची नव्हती. फ्लॉसवरचे बरेचसे अभ्यास खरोखरच लहान आहेत, थोड्या लोकांवरचे आणि थोड्या काळाचे. कीड लागायला कित्येक महिने, कधी वर्षं जातात. काही आठवड्यांच्या अभ्यासात ती दिसणार कशी?

पण पुरावा कच्चा असणं आणि उपाय फोल असणं या दोन गोष्टी एक नाहीत. वैद्यकीय अभ्यासांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं २०१९ मध्ये घेतलेल्या आढाव्यात निष्कर्ष असा होता, की ब्रशच्या जोडीला फ्लॉस किंवा फटीतले बारीक ब्रश वापरले तर नुसत्या ब्रशपेक्षा हिरड्यांची सूज जास्त कमी होऊ शकते, आणि बारीक ब्रश कदाचित फ्लॉसपेक्षाही सरस ठरू शकतात. पुराव्याची खात्री कमी, हेही त्यांनी स्पष्ट नोंदवलं. किडीबाबत ठाम काही म्हणता येईल इतका पुरावा त्यात नव्हता.

मला स्वतःला सगळ्यात बोलका वाटतो तो २००६ सालचा एक आढावा. लहान मुलांच्या दातांना प्रशिक्षित माणसानं शाळेच्या दिवशी रोज फ्लॉस केला, साधारण पावणेदोन वर्षं. किडीचा धोका ४० टक्क्यांनी कमी झाला. तोच फ्लॉस तीन-तीन महिन्यांनी केला तेव्हा फरक पडला नाही, आणि मोठ्या मुलांनी स्वतःच्या हातानं केला तेव्हाही पडला नाही. दोरा तोच, बदलला तो हात आणि नेम. म्हणून 'फ्लॉस उपयोगी आहे का' यापेक्षा तो कसा होतोय हे मी आधी बघतो. पेशंटला समोर करून दाखवायला सांगितलं, की बहुतेक जण दोरा दोन दातांमध्ये खट्कन घालतात आणि तसाच वर ओढतात. अशानं कण निघतो, थर जागच्या जागी राहतो.

नीट करायचं तर साधारण ४५ सेंटीमीटर दोरा घ्या, हाताच्या पंजापासून जवळजवळ कोपरापर्यंत. बहुतेक भाग एका हाताच्या मधल्या बोटाला गुंडाळा, थोडा दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाला. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये दोन-तीन सेंटीमीटरच ताणलेला राहू द्या. जास्त सोडला तर ताबा सुटतो. दात जिथे टेकतात तिथून आत जाताना दोरा दाबू नका, पुढे-मागे हलकेच सरकवत उतरवा. खट्कन घातला की तो थेट हिरडीवर आदळतो, आणि तिथे खरोखरच कापतं. असं कापलेलं रक्त आणि सुजेचं रक्त वेगळं ओळखता येतं: कापलं तर त्याच जागी चुरचुरतं, सुजेचं रक्त न दुखता येतं.

आत उतरल्यावर खरं काम सुरू होतं. दोरा एका दाताच्या अंगाला असा लपेटा, की त्याचा आकार इंग्रजी 'सी' अक्षरासारखा होईल. तो तसाच दाताला घट्ट चिकटवून हिरडीच्या कडेखाली सहज जाईल तेवढाच न्या आणि दाताच्या भिंतीवरून वर-खाली चार-पाच वेळा पुसा. मग दोरा न काढता, हिरडीच्या टोकावरून उचलून शेजारच्या दाताला लपेटा आणि त्याची भिंत पुसा. एका फटीत दोन भिंती असतात, हे विसरलं की निम्मं काम राहतं. पुढच्या फटीला दोऱ्याचा नवा भाग. सगळ्यात शेवटच्या दाढेची मागची बाजूही पुसायची. तिला शेजारी नसला तरी ब्रश तिथे बेतानंच पोचतो.

पहिल्या आठवड्यात हे सगळं वैतागवाणं होतं, बोटं अडखळतात, लाळ गळते. वैतागून सोडू नका. सुरुवातीला हवं तर फक्त दाढा करा. पुढचे दात सगळ्यांनाच सोपे जातात, म्हणून लोक तेवढेच करून उठतात, आणि गरज मागे जास्त असते. एक प्रयोग करून बघा: मागच्या दाढांमध्ये फिरवलेला दोरा हुंगा. तोंडाच्या वासाची तक्रार घेऊन आलेल्यांना मी हे मुद्दाम करायला लावतो. मागे साठलेल्या थरातले जिवाणू गंधकाचे वायू सोडतात, त्यांचाच तो वास. दोन आठवडे रोज नीट फ्लॉस केल्यावर पुन्हा हुंगलात, तर फरक तुमचा तुम्हालाच कळेल.

ब्रशच्या आधी की नंतर? २०१८ साली २५ विद्यार्थ्यांवर झालेल्या एका अभ्यासात आधी फ्लॉस आणि मग ब्रश केल्यावर दातांमधला थर जास्त निघाला, आणि तिथे फ्लोराइडही जास्त टिकलं. अभ्यास छोटा आहे, पण तर्कालाही पटतो: वाट मोकळी केली की टूथपेस्ट आत जाते. मी तोच क्रम सांगतो, पण त्यावरून घरात वाद घालू नका. वेळ मात्र शक्यतो रात्रीची ठेवा, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि तोंडाचं नैसर्गिक धुणं जवळजवळ थांबतं.

मेणाचा दोरा, बिनमेणाचा, पट्टीसारखा चपटा, पुदिन्याच्या वासाचा... सफाईत यानं विशेष फरक पडत नाही. दात घट्ट असतील तर मेणाचा किंवा चपटा सोपा जातो, एवढंच. १८१९ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या लेव्ही स्पिअर पार्म्ली या दंतवैद्यानं मेण लावलेल्या रेशमी धाग्याची शिफारस केली होती. रेशमाच्या जागी पुढे नायलॉन आलं, पण युक्ती तीच राहिली.

मात्र सगळ्यांना दोराच योग्य, असं नाही. हिरड्या खाली सरकून फटी मोकळ्या झाल्या असतील, तर फटीतला बारीक ब्रश निश्चितच बरा. दाताच्या मुळाची बाजू आत वळलेली असते, तिथे ताणलेला दोरा वरच्या वर निघून जातो, ब्रशचे केस खोबणीत शिरतात. आकार डेंटिस्टकडून ठरवून घ्या. जबरदस्तीनं घुसवायचा ब्रश चुकीचा असतो. ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधारानं बसवलेला कृत्रिम दात) असेल तर टोक कडक आणि मधला भाग स्पंजासारखा असलेला दोरा मिळतो, तो खालून ओवता येतो. दातांना तारा लावलेल्यांना किंवा बोटं नीट न वळणाऱ्यांना पाण्याच्या फवाऱ्याचं यंत्र सोयीचं पडतं, हिरड्यांच्या सुजेवर त्याचा उपयोगही होतो. इम्प्लांटभोवती (जबड्याच्या हाडात बसवलेल्या कृत्रिम दाताभोवती) दोऱ्याचे तंतू खरबरीत भागाला अडकून राहू शकतात, म्हणून तिथे काय वापरायचं ते बसवणाऱ्याला विचारूनच ठरवा. काडी, टाचणी, सेफ्टी पिन यांना मात्र माझ्याकडून परवानगी नाही. आणि माउथवॉश हा जोडीला ठीक, पण धरून बसलेल्या थरात तो आतपर्यंत मुरत नाही; थर आधी हातानंच हलवावा लागतो.

'फ्लॉसनं दातांत फटी पडतात' असंही तुम्हाला कुणी ना कुणी सांगेल. दोऱ्यानं दात सरकत नाहीत. सुजलेली हिरडी बसली की आधीचीच जागा उघडी दिसते, त्यावरून हा समज झालेला आहे. घरात लहान मूल असेल तर त्याचे दोन दात एकमेकांना टेकले की तुम्ही फ्लॉस सुरू करायचा, विशेषतः दुधाच्या दोन दाढांमध्ये, आणि मुलाचा हात वळेपर्यंत, म्हणजे आठ-दहा वर्षांचं होईपर्यंत, तुम्हीच करायचा.

हृदयविकाराबद्दल हल्ली फार छापून येतं. हिरड्यांचा आजार आणि हृदयविकार एकत्र आढळतात हे खरं, पण फ्लॉस केल्यानं हार्ट अटॅक टळतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, तसं सिद्ध झालेलं नाही. मधुमेहाचं नातं जास्त पक्कं आहे आणि दोन्ही बाजूंनी चालतं: साखर वाढलेली असेल तर हिरड्यांचा आजार बळावतो, आणि हिरड्यांवर उपचार झाले की साखरेचं नियंत्रणही थोडं सुधारतं. मधुमेह असलेल्यांना मी यात सूट देत नाही.

पुढच्या तपासणीला जाताना आणखी काही गोष्टींवर लक्ष ठेवा. एकाच फटीत दोरा रोज तुटत किंवा उसवत असेल, तर तिथे कीड, फुटलेलं फिलिंग किंवा फिलिंगची बाहेर आलेली कड असण्याची शक्यता आहे. पूर्वी घट्ट जाणारा दोरा एखाद्या जागी अचानक सैल जायला लागला, किंवा त्याच जागी दर जेवणाला अडकायला लागलं, तर दातांचा टेका सुटला असेल. फक्त एकाच जागेतून आठवडेच्या आठवडे रक्त येत असेल, तर तेही. अशा वेळी 'फ्लॉस नीट होत नाही' असं मोघम सांगू नका. आरशात बघून नेमकी कोणती फट, वरची की खालची, डावी की उजवी, ते लक्षात ठेवा आणि खुर्चीत बसल्या बसल्या बोट ठेवून दाखवा. आम्ही एक्स-रे तिथूनच सुरू करतो.